अध्यक्षांची वैद्यकीय रजा

मकासर, ३ एप्रिल

श्री. अंबे रेरुंग,
अध्यक्ष, ग्रामवीज मंडळी, बुंतू लोबो

महाशय,

मी विर्यावान. लोकवीज मंडळाचा या विभागाचा नवा अधिकारी. गेल्याच महिन्यात जावातल्या सेमारांगहून बदली होऊन आलो. तोराजाच्या डोंगरात अजून पाऊल ठेवलेलं नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आनंदाची बातमी अशी, की तुमच्या ओढ्यावरच्या जुन्या टर्बाइनच्या जागी नवं, मोठं टर्बाइन मंजूर झालं आहे. खर्च सरकारचा, मालकी गावाची. गावाला पुरून उरेल ती वीज मंडळ विकत घेईल आणि ते उत्पन्न तुमच्या शाळेला-दवाखान्याला जाईल. अटी दोनच. वरचं रान गावानं राखायचं आणि ओढ्यातल्या वाम माशांपुरतं पाणी बारा महिने वाहतं ठेवायचं.

मात्र संमती अध्यक्षांनीच गावसभेत द्यायला हवी. मुदत ऑगस्टअखेर. त्यानंतर ओढ्याचा लिलाव होईल, आणि एक खासगी कंपनी आत्तापासून टपून बसली आहे. ती सगळं पाणी पाइपात घालेल आणि वाम मासे चिखलात बसतील, हे मला अधिकारी म्हणून लिहिता येत नाही, म्हणून माणूस म्हणून लिहितो.

तरी आपण लवकर "हो" म्हणावं, ही विनंती.

आपला,
विर्यावान

•

बुंतू लोबो, १४ एप्रिल

विर्यावान साहेब,

पत्र पोचलं. बसच्या ड्रायव्हरनं कोंबड्यांच्या खुराड्याखालून काढून दिलं, त्यामुळे त्याला वास होता, पण अक्षर लागलं. मी अध्यक्षांची बायको. आमचा थोरला रेरुंग, म्हणून मी इंदो रेरुंग, म्हणजे रेरुंगची आई, आणि हे अंबे रेरुंग, रेरुंगचे वडील. आमच्याकडे मूल झालं की माणसाला स्वतःचं नाव कोणी विचारत नाही.

आमचे हे आजारी आहेत. गेल्या वर्षी भाताच्या कापणीत बांधावर बसले, श्वास थांबला, तेव्हापासून दक्षिणेकडच्या खोलीत पडून आहेत. म्हणून उत्तर मी लिहिते. तुमचं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाम माशांचं आलं तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं. पण अजून काही बोललेले नाहीत.

तुम्ही घाई करू नका. माणूस पहिल्यापासून कमी बोलणारा. जुनं टर्बाइन बसवताना सगळं गाव भांडत होतं, कुणाचा दिवा मोठा आणि कुणाचा लहान. हे सगळ्यांचं ऐकत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "वीज सगळ्यांची, तर रानही सगळ्यांचं. वरचं झाड जो तोडेल, त्याच्या घरची वीज महिनाभर बंद."

पहिलं झाड कुणी तोडलं, सांगा? यांनीच. छपराला वासा हवा होता. महिनाभर आम्ही अंधारात जेवलो. मी रोज ताट वाढून विचारायची, "काय अध्यक्ष, भात दिसतोय का?" त्यानंतर रानात कुणी कुऱ्हाड नेली नाही.

नवं टर्बाइन हवंच आहे. जुन्याची आता रया गेली. दिवा लागलाय की नाही हे बघायला बॅटरी लावावी लागते. पण "हो" म्हणायचं ते यांनीच म्हणायचं.

इंदो रेरुंग

•

मकासर, २२ एप्रिल

आदरणीय इंदो रेरुंग,

अध्यक्षांच्या आजाराचं वाचून काळजी वाटली. श्वास थांबणं हे दुखणं अंगावर काढू नये. माझ्या मेव्हण्याचाही असाच थांबायचा, विशेषतः जिना चढल्यावर.

बसबरोबर सुंठ आणि मध पाठवला आहे. कोमट पाण्यातून, उपाशीपोटी. खोलीत हवा खेळती ठेवा. रोज थोडं चालवा, नाहीतर पडून राहणाऱ्याचे सांधे धरतात. सिगरेट पूर्ण बंद. डॉक्टर काय म्हणतात? भूक कशी आहे?

माफ करा, मी सरकारी माणूस आणि हे सरकारी काम. पण माझी बायको सुलास्त्री दोन वर्षांपूर्वी गेली. आयुष्यभर तिला "गोळी घेतलीस का" विचारत आलो, आता ते विचारायला घरात कुणी नाही. ती सवय अशी पत्रात सांडते.

अध्यक्षांना सांगावं, की मुदत ऑगस्टअखेरच आहे.

विर्यावान

•

बुंतू लोबो, ५ मे

विर्यावान साहेब,

सुंठ-मध मिळाला. उशाशी ठेवलाय.

डॉक्टर नाही, पण आमची नर्सबाई येऊन इंजेक्शन देऊन गेली. म्हणाली, आता पुढचं वर्षभर काळजी नाही. भूक मुळीच नाही. तिन्ही वेळा ताट ठेवते आणि तिन्ही वेळा जसंच्या तसं उचलते. सिगरेटीचं मात्र तुमचं ऐकणार नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण पाकीट आणतो. एक पेटवून शेजारी ठेवायची रीतच आहे. चालायचं म्हणाल, तर त्यांना चालवायचं कसं, हे तुम्हीच येऊन दाखवा.

तुमच्या त्या कंपनीचा माणूस येऊन गेला. बूट चकचकीत, केसाला तेल. म्हणाला, "अध्यक्षांशी समोरासमोर बोलायचंय." मी म्हटलं, "बोला की. आत आहेत." ह्यांच्यापुढे मांडी घालून बसला आणि मोठमोठे आकडे सांगायला लागला. मग जरा वाकून नीट बघितलं असेल. अर्धं वाक्य तोंडातच राहिलं, बूट हातात घेऊन उतरला तो थेट रस्त्याला लागला. कॉफीला थांबला नाही. गाव म्हणतं, यांनी त्याला एका शब्दानं न बोलता हाकललं. आजारी असले तरी वचक आहे हो.

इंदो रेरुंग

•

मकासर, १६ मे

आदरणीय इंदो रेरुंग,

कंपनीच्या माणसाला अध्यक्षांनी शांतपणे वाटेला लावलं, हे वाचून आदर दुणावला. परंतु अन्न मुळीच जात नाही, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. भाताची पेज देऊन पाहावी.

आता एक नाजूक विषय. प्रकृती अशीच राहणार असेल, तर गावानं तात्पुरता दुसरा अध्यक्ष निवडला तर? त्यांना आराम मिळेल आणि कामही होईल. राग मानू नये.

मी स्वतः जूनमध्ये येत आहे.

विर्यावान

•

बुंतू लोबो, २४ मे

साहेब,

माणूस आजारी पडला की त्याला खुर्चीवरून उठवायचं, अशी तुमच्या सेमारांगला पद्धत असेल. आमच्याकडे नाही. ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही. पेजेचं दाखवलं.

या. जेवायला मासे करते, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर. आमच्या डुकराचा तुम्हाला वाससुद्धा लागणार नाही.

इंदो रेरुंग

•

मकासर, २० जून

आदरणीय इंदो रेरुंग,

सुखरूप पोचलो. मासे आणि कॉफी यांबद्दल आभार मानावे तेवढे थोडे. बंधाऱ्यावर जाळी तपासताना माझा पाय घसरला आणि चष्मा ओढ्यात गेला, तो कुणाला सापडल्यास पाठवावा. त्याच्यावाचून मला सगळं गाव धुक्यात दिसलं, तरी आवडलं. त्यात टर्बाइन गाळ काढायला बंद होतं, त्यामुळे तुमच्या खोलीत मी अक्षरशः चाचपडत गेलो.

अध्यक्षांची प्रकृती मला वाटली होती तितकी वाईट नाही. चेहऱ्यावर शांतता आहे. खोकला नाही, कण्हणं नाही. सांधे मात्र फारच आखडले आहेत. मी शालीखालून गुडघ्याला खोबरेल तेलाचं मालीश केलं, तेव्हा तुमच्या मंडळींनी कौतुकानं पाहिलं, पण एकानंही हात लावला नाही. हे बरोबर नाही. मालीश रोज हवं. हाताला गार लागतात, म्हणजे रक्तदाब उतरलेला असणार. मीठ-साखरेचं पाणी द्यावं.

योजनेची सगळी कलमं मला पाठ आहेत, ती त्यांना म्हणून दाखवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एकदाही मध्ये न तोडणारा हा पहिला अध्यक्ष! कशालाच हरकत घेतली नाही. आमच्या जावात वडीलधारा गप्प राहिला म्हणजे होकार धरतात, म्हणून मी उठून सगळ्यांचं अभिनंदन केलं. पण तुमचे लोक म्हणाले, "छे छे साहेब, त्यांचा विचार चाललाय अजून."

विचार करावा, पण ऑगस्टच्या आत करावा.

विर्यावान

•

मकासर, २७ जून

इंदो रेरुंग,

माझा ड्रायव्हर मार्कुस तुमच्याच डोंगरातला. आज चहा पिताना म्हणाला, "साहेब, तुम्ही त्या दिवशी फार छान वागलात. बाहेरची माणसं घाबरतात."

मी म्हटलं, "आजारी माणसाला काय घाबरायचं?"

"तसं नाही साहेब. इथं मकासरात बोलायला हरकत नाही म्हणून बोलतो. त्यांना जाऊन वर्ष होत आलं ना."

"कुठे जाऊन?" मी विचारलं. खरंच विचारलं, बाई. मार्कुसनं कप खाली ठेवला आणि वर बोट दाखवलं.

मला त्या क्षणापासून ताप आहे. मी एका मृत माणसाला सुंठ पाठवली. मृत माणसाला चाला म्हणालो. मृत माणसाच्या गुडघ्याला तेल चोळलं आणि रक्तदाबाबद्दल मत दिलं! आणि तुम्ही, सगळं गाव, समोर बसून कॉफी पीत होतात. मला सांगितलं का नाही?

आणि मृत अध्यक्षाची संमती मी वर कशी कळवू? ऑगस्ट आला.

विर्यावान

•

बुंतू लोबो, ६ जुलै

विर्यावान साहेब,

आधी तापाला पेज घ्या. उपाशीपोटी सुंठ घेऊ नका, पोटात आग होते.

सांगितलं नाही कसं? पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, श्वास थांबला. त्यानंतर आणखी काय लिहायचं असतं? नर्सबाईच्या, अंग टिकवायच्या इंजेक्शनचं लिहिलं, ताटाचं लिहिलं. तुम्ही शिकलेले, मला वाटलं कळलंच असेल. आणि तुम्ही तेल मागितलंत तेव्हा आम्हाला वाटलं, जावाच्या साहेबांची ही माया करायची पद्धत असेल. तुमच्याआधी मंडळाच्या कुठल्या साहेबानं यांचे पाय धरले नव्हते. गावात अजून बोलतात.

तो 'म'चा शब्द मात्र पुन्हा लिहू नका. तुमची पत्रं मी त्यांच्यापाशी बसून वाचते. चार ठिकाणी मला खोकल्याचं नाटक करावं लागलं.

रेरुंग पापुआच्या खाणीतून येऊन, बळीच्या रेड्यांचे पैसे उभे राहून, सगळे नातेवाईक जमून क्रियाकर्म होईपर्यंत माणूस आमच्यात आजारीच असतो. कुणाला महिने लागतात, कुणाला वर्षं. तोवर ते घरात आहेत, जेवायच्या वेळी ताट आहे, भांडण झालं तर त्यांना सांगायला जाता येतं.

गावसभा घेतली. ज्याला ज्याला अध्यक्ष हो म्हटलं, तो मान खाली घालून म्हणाला, "आजारी माणसाच्या खुर्चीत मी नाही बसणार." कारण दुसरा अध्यक्ष झाला की हे अध्यक्ष राहिले नाहीत, आणि राहिले नाहीत म्हणजे गेले. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी "क्रियाकर्म उरकून टाकू" म्हटलं असतं, तर सुटलं असतं. रेरुंगही पत्रात तेच विचारतो, आई, कधी येऊ?

माझ्या तोंडून ते निघालं नाही. टर्बाइन हवं, रान हवं, ओढाही हवा. पण साहेब, माझं त्यांच्याशी बोलणं अजून संपलेलं नाही. कंपनीनं ओढा नेला तर गाव मला माफ करणार नाही, आणि खरं सांगायचं तर हेही करणार नाहीत. तरी निघालं नाही.

चष्मा सापडला. जाळीत अडकला होता, वाम माशांच्या फटीपाशी. एक काच गेली आहे.

इंदो रेरुंग

•

मकासर, १२ ऑगस्ट

आदरणीय इंदो रेरुंग,

ताप उतरला. पेजेनं.

मी राजधानीतल्या वरिष्ठांकडे स्वतः जाऊन आलो. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण त्यातला माझा एकही शब्द खोटा नाही, याचा मला अभिमान आहे.

"बुंतू लोबोची संमती कुठे अडली?"

"अध्यक्ष आजारी आहेत, सर."

"काय होतंय?"

"श्वास थांबला आहे."

"अरेरे. मग आराम करू दे त्यांना. सुधारणा?"

"नर्सबाईंनी लिहून दिलंय, प्रकृतीत काहीही बदल नाही."

"चिडचिड करतात का? आजारी माणसं फार चिडतात. माझे सासरे..."

"अजिबात नाही, सर. अत्यंत शांत."

"मग एवढा घोळ कशाला? वैद्यकीय रजा द्या आणि कुणाला तरी कार्यवाहक नेमा."

"किती दिवसांची रजा, सर?"

"बरे होईपर्यंत! माणुसकी आहे की नाही तुमच्यात?"

तेव्हा अंबे रेरुंग यांना प्रकृती सुधारेपर्यंत वैद्यकीय रजा मंजूर झाली आहे. कागद सोबत आहे, त्यावर तीन शिक्के आहेत. नवरा आजारी असेल तर बायकोनं त्याच्या वतीनं बोलावं, असं मार्कुस म्हणतो, म्हणून कार्यवाहक अध्यक्ष तुम्ही. खुर्ची त्यांचीच. तुम्ही शेजारी उभं राहून "हो" म्हणा, बस्स. मुदतीच्या आत म्हणा.

आता जे लिहितो ते कचेरीचं नाही. सुलास्त्री सकाळी गेली आणि दुपारच्या नमाजाच्या आत तिचं दफन झालं. आमच्यात तसंच असतं, आणि ते योग्यच आहे. सोमवारी मी कामावर हजर होतो. साहेब म्हणाले, "विर्यावान, कमाल आहे तुमची." पण मला तिला सांगायचं राहिलं होतं, की मोरीतला नळ मी शेवटी दुरुस्त करून घेतला. ती त्याच्यासाठी माझ्या किती मागे लागली होती! त्या दिवशी तुमच्या खोलीत, कलमं सांगून झाल्यावर तुम्ही सगळे कॉफीला बाहेर गेलात, तेव्हा मी अध्यक्षांना तेच सांगितलं. नळाचं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मला फार बरं वाटलं, आणि का ते कळेना.

तुमचं बोलणं संपेपर्यंत रजा आहे. कुणी विचारणार नाही, ही जबाबदारी माझी.

विर्यावान

•

बुंतू लोबो, २८ नोव्हेंबर

विर्यावान साहेब,

मुदतीच्या आत मी "हो" म्हटलं, ते मार्कुसनं सांगितलंच असेल. यांची खुर्ची मधोमध ठेवली होती, मी शेजारी उभी. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं. लिलाव टळला. रानाची अट वाचली तेव्हा म्हातारे हसले, ही तर आपलीच. वाम माशांसाठी जाळीच्या कडेला दगडांची वाट केलीय, पोरं दिवसभर तिथंच पडलेली असतात आणि मासे मोजायचे सोडून पाण्यात पडतात.

गेल्या आठवड्यात नवं टर्बाइन सुरू झालं. दवाखान्याचा फ्रीज घरघरला, कॉफी सोलायचं यंत्र सुरू झालं, शाळेत टाळ्या. मी म्हटलं, यांच्या खोलीतला दिवा मी लावणार. नवा बल्ब घातला, बटण दाबलं.

साहेब, एवढा उजेड त्या खोलीत कधी पडला नव्हता. जुन्या टर्बाइनच्या पिवळ्या उजेडात मी त्यांना रोज बघत होते, आणि त्या उजेडात माणूस झोपलेलाच दिसतो. अंगावरची शाल कसरीनं खाल्लेली, तुमची सुंठ तशीच, ताटातला भात तसाच. आणि हे. हे तिथं नव्हते. खूप आधीच निघून गेले होते, मला सांगायचं त्यांच्यानं झालं नसेल. कमी बोलणारा माणूस.

मी ताटापाशी बसले आणि विचारलं, "काय अध्यक्ष, भात दिसतोय का?"

थांबले नेहमीसारखी. मग मीच म्हणाले, "मला दिसतोय हो." आणि रडले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. आजारी माणसापुढे रडायचं नसतं ना.

काल त्यांची उशी पश्चिमेकडून काढून दक्षिणेला लावली. आमच्यात उशी दक्षिणेला गेली की माणूस गेला. तेव्हा कळवायला वाईट वाटतं, आमचे हे काल वारले. तो तुमचा 'म'चा शब्द आता लिहायला हरकत नाही.

नाताळानंतर क्रियाकर्म आहे. रेरुंग निघालाय. तुमच्यासाठी एक रेडा तुमच्या रीतीनं कापायला खालच्या मशिदीतून माणूस सांगितलाय, चूलही वेगळी.

रजेचा कागद माझ्यापाशी आहे. 'प्रकृती सुधारेपर्यंत' असं लिहिलंय त्यावर, तीन शिक्के. यांची काही आता सुधारत नाही, म्हणजे रजा पुष्कळ शिल्लक राहिली. ती वाया कशाला घालवायची? तुम्ही घ्या. सुलास्त्रीबाईंचा फोटो घेऊन या. आमच्याकडे आठवडाभर रडतात, मधे मधे जेवतात, पुन्हा रडतात. सोमवार आला की नाही, कुणी बघत नाही.

चष्म्याला नवी काच बसवून घेतलीय. या वेळी नीट बघा.

इंदो रेरुंग